आपण की आम्ही? दांडिया बाजारातल्या एका शिकवणीचं प्रकरण

चौथ्या महिन्यात तो बोलायचा थांबला.

शिकवणीला वेळेवर येत होता, गृहपाठ चोख होता, भूतकाळाची रूपं विचारली की अचूक सांगत होता. पण आपणहून एक वाक्य नाही. आधीचे तीन महिने ज्याला गप्प करावं लागे, तो आता विचारलं तेवढं उत्तर देऊन खिडकीबाहेर बघत बसे. माझ्या नोंदवहीत त्या आठवड्यापुढे लिहिलंय : ‘उच्चारांमुळे आत्मविश्वास कमी. ट-ठ-ड-ढ चा सराव वाढवणे.’ ही नोंद मी खोडलेली नाही. वीस वर्षं शिकवल्यावरही माणूस किती चुकतो, ते अधूनमधून बघायला बरं पडतं.

मी बडोद्यात बाहेरून आलेल्यांना गुजराती शिकवते. बदली होऊन आलेले बँकवाले, लग्न होऊन आलेल्या मुली, कधीमधी परदेशी विद्यार्थी. शिकवणी घरातच, पुढच्या खोलीत. घरात आम्ही मराठी बोलतो, दारात गुजराती. सासऱ्यांचे आजोबा गायकवाडी नोकरीत इथे आले, तेव्हापासून हे असंच चाललंय.

हा विद्यार्थी टांझानियातल्या म्वांझाचा. वय तेवीस, शहराबाहेरच्या एका कॉलेजात शिकायला आलेला. त्याला विचारूनच हे लिहितेय, पण नाव देत नाही. घरात सुकुमा, प्राथमिक शाळेत स्वाहिली, माध्यमिकपासून इंग्रजी, म्हणजे माझ्या दारात आला तेव्हा तीन भाषा खिशात होत्या. कॉलेजातले मित्र सांगत, हिंदी शिक, देशभर चालेल. त्याला गुजरातीच हवी होती.

कारण त्याने पहिल्याच तासाला सांगितलं. त्याची आई म्वांझात एका गुजराती कुटुंबाच्या कापडदुकानात कामाला होती. शेठ-शेठाणी नोकरांशी स्वाहिलीत बोलत आणि आपसात गुजरातीत. कुणाचा पगार कापायचा, कुणावर संशय आहे, कुणाला पुढच्या महिन्यापासून नको म्हणायचं, हे सगळं गुजरातीत आणि नोकरांच्या देखत. हा शाळेतून येऊन काउंटरखाली बसून अभ्यास करायचा. “डोक्यावरून जे जायचं,” तो म्हणाला, “ते मला समजून घ्यायचंय.”

मी वहीत ‘प्रेरणा : कौटुंबिक’ असं लिहिलं आणि मुळाक्षरांकडे वळले.

सुरुवात झकास झाली. स्वाहिलीत आपल्या ओळखीचे शब्द ढिगाने. गाडीला गारी, विम्याला बीमा, रंगाला रंगी, लाखाला लाकी, कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला कचुंबारी. फळा भरला तेव्हा तो म्हणाला, “हे तर आमचंच आहे, तुम्ही कधी नेलंत?” स्वाहिली शब्द स्वरावर संपतात, म्हणून त्याच्या तोंडी ‘एक’चा ‘एकु’ व्हायचा. ट आणि त, ख आणि क यांत गल्लत होती. पण छोकरो, छोकरी, छोकरुं या तीन लिंगांपुढे हिंदी बोलणारे बँकवाले जिथे रडकुंडीला येतात, तिथे तो म्हणाला, “फक्त तीन?” त्याच्या भाषेत नामांचे पंधराएक वर्ग.

एक धडा मात्र सविस्तर सांगायला हवा, पुढे तोच माझ्यावर उलटला. गुजरातीत ‘आपणे’ आणि ‘अमे’, मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’. एकात ऐकणारा धरलेला, दुसऱ्यात वगळलेला. इंग्रजीत ‘वी’ म्हटलं की काम भागतं, स्वाहिलीत ‘सिसी’, पण आपल्याकडे बोलणाऱ्याला दर वेळी ठरवावं लागतं, समोरचा आत की बाहेर. मी चहाचं उदाहरण दिलं. ‘आपणे चा पीशुं’ म्हणजे तुलाही मिळणार, ‘अमे चा पीशुं’ म्हणजे तू बघत बस. तो पोट धरून हसला. मलाही उदाहरण फार आवडलं होतं.

मग तो बाजारात जायला लागला. खंडेराव मार्केटात भाजीवालीला विचारायचं, ‘डुंगळी केटलानी किलो?’ ती म्हणायची, ‘फॉर्टी रुपीज.’ ‘बे किलो आपजो.’ ‘टू केजी?’ तो गुजरातीत आणि बाजार इंग्रजीत, फार तर हिंदीत. आदल्या वर्षी माझ्याकडे एक पोलिश बाई येत होती. तिला दहा वाक्यं धड जमत नव्हती, पण तिने ‘केम छो’ म्हटलं की फरसाणवाला मूठभर लीलो चेवडो जास्त घाली आणि शेजारच्या दुकानदाराला हाक मारून तिला पुन्हा म्हणायला लावी. याच्या ‘केम छो’वर लोक म्हणत, ‘यस?’

मी निदान केलं, उच्चार. महिनाभर ट-ठ-ड-ढ घोटले.

माझं निदान कोलमडलं ते खोलीच्या शोधात. त्याला हॉस्टेल सोडायचं होतं. एका शनिवारी माझ्यासमोर बसून, स्पीकर लावून त्याने घरमालकांना फोन केले. पहिला घरमालक दोन मिनिटं मजेत बोलला आणि म्हणाला, “हा हा, आवो ने, जोई जाव. तमे साउथना छो?” म्हणजे हेल ऐकू आला होता. पण कानाने त्या हेलाला चालण्यासारखी एक जागा देऊन टाकली होती, साउथ. हा रिक्षाने पोचला तोवर ‘रूम तो हमणां ज अपाई गयो’. दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी बाईंनी दाराची साखळीही काढली नाही. फोनवर माझा विद्यार्थी पास, दारात नापास. रिक्षाच्या त्या अर्ध्या तासात त्याची जीभ काही विसरली नव्हती.

अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठात डोनाल्ड रुबिन यांनी 1992 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. त्यांनी 62 विद्यार्थ्यांना व्याख्यानाची ध्वनिफीत ऐकवली. आवाज इंग्रजी मातृभाषा असलेल्या एकाच बाईचा, पण काहींसमोर फोटो ठेवला गोऱ्या बाईचा आणि काहींसमोर पूर्व आशियाई चेहऱ्याच्या बाईचा. दुसऱ्या गटाला परकी ढब ऐकू आली, जी फितीत नव्हतीच. इतकंच नव्हे, त्यांना व्याख्यानही कमी समजलं. 1999 मध्ये जॉन बॉ आणि सहकाऱ्यांनी घरमालकांना फोन करून पाहिले, एकाच माणसाने इंग्रजीच्या तीन ढबी काढून. तिथे ढब बदलली की घर बघायला बोलावण्याचं प्रमाण बदलत होतं. आमच्या प्रकरणात आवाजाला प्रवेश होता, चेहऱ्याला नव्हता. रुबिन मी फार पूर्वी एका कार्यशाळेत वाचला होता, खाली रेघाही मारल्या होत्या. आणि तरी ट-ठ-ड-ढ.

मी स्वतःही भाषेवरून हसं करून घेतलंय. लहानपणी सुट्टीत पुण्याला मावशीकडे गेले आणि खालून ओरडले, “मी दादर चढून येते!” बडोद्याच्या मराठीत जिन्याला आम्ही सर्रास गुजराती ‘दादर’ म्हणतो. मावसभाऊ वरून म्हणाला, “पूर्वेकडून येतेस की पश्चिमेकडून?” तो सबंध महिना तेच. पण पंधरा दिवसांत मी ‘जिना’ म्हणायला शिकले, ‘शाक’चं ‘भाजी’ केलं, आणि मग मी कुठली हे सांगितल्याशिवाय कुणाला कळेना. माझी अडचण जिभेवर होती, म्हणून सुटली. सयाजीराव महाराज 1875 साली दत्तक आले तेव्हा नाशिककडच्या कवळाण्याचा बारा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा होते. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी सगळं एकदम शिकावं लागलं. चुका त्यांच्याही झाल्या असणारच, पण हसायची टाप कुणाची होती?

त्या शनिवारनंतर मी सराव बंद केला आणि त्याला वही दिली. चार रकाने : कुणाशी बोललो, मी काय म्हटलं, उत्तर कुठल्या भाषेत आलं, ‘तुं’ म्हटलं की ‘तमे’. दोन आठवडे लिही म्हटलं.

वही वाचायला सोपी नव्हती. गुजरातेत अनोळखी माणसाला ‘तमे’ म्हणायची रीत इतकी पक्की की तिच्याकडे लक्षही जात नाही. त्याच्या चौथ्या रकान्यात मात्र वॉचमन, झेरॉक्सवाला, त्याच्याहून लहान पोरं, सगळ्यांचं ‘तुं’. एक रिक्षावाला त्याची गुजराती ऐकून खूश झाला आणि विचारलं, “रतनपुरना छो?” रतनपूर भरूच जिल्ह्यात, तिथे बावा गोरचा दर्गा आणि मूळच्या आफ्रिकेतल्या सिद्दींची वस्ती. काळा माणूस आणि गुजराती चांगली, म्हणजे सिद्दीच. याने टांझानिया सांगितल्यावर रिक्षावाला उरलेला रस्ता हिंदीत बोलला. मजा म्हणजे सिद्दी पिढ्यान्‌पिढ्या गुजरातीच बोलतात, त्यांच्यातल्या कुणी तोंड उघडलं तरी समोरचा दचकतोच. भाषा कुणाच्या तोंडी शोभते याचा एक नकाशा लोकांच्या डोक्यात असतो, माणूस त्याबाहेरचा निघाला की आधी त्याला नकाशात कोंबून पाहतात, नाही मावला तर भाषा बदलतात.

दहाव्या दिवसाच्या पानावर पहिले तीन रकाने कोरे होते. जागा शेव-उसळीचं दुकान, बाजूच्या टेबलावर दोघं. एकाने याच्याकडे बघून आवाज खाली आणला. दुसरा म्हणाला, “आने क्यां समज पडे छे, बोलो ने तमतमारे.” याला कुठे कळतंय, बोला बिनधास्त. आणि मग ते जे बोलले ते त्याने शब्दशः लिहिलं होतं, इथे लिहिणार नाही. रंगावरून होतं आणि आईवरून होतं. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

“तारीख बघा,” तो म्हणाला. तारीख वहीच्या दोन आठवड्यांतली नव्हती, मागची होती, आठवणीने लिहिलेली. तो गप्प झाला त्याच आठवड्यातली. “न अडखळता संपूर्ण कळलेलं ते माझं पहिलं संभाषण. आधी कळत नव्हतं तेव्हा बोलणं सोपं होतं, मॅडम.”

विद्यार्थ्याला ऐकू यायला लागलं, याला आम्ही शिक्षक प्रगती म्हणतो आणि पेढे मागतो. काय ऐकू आलं, ते विचारायचा रकाना कुठल्याच परीक्षेत नाही.

याच सुमारास आमच्या गल्लीतल्या एका काकांना कळलं की माझ्याकडे ‘आफ्रिकेचा मुलगा’ येतो. काका ऐंशीच्या पुढचे, तरुणपण मोंबासात गेलेलं. हौसेने आले, “जाम्बो!” म्हणाले, आणि मग एकामागून एक, “न्जो हापा! लेते माजी! न्गोजा!” म्हणजे इकडे ये, पाणी आण, थांब. याने उभं राहून, हात बांधून, स्वाहिलीत त्यांच्या तब्येतीची सविस्तर चौकशी केली. काकांना त्यातलं काही कळेना. “एवढी नाही येत रे,” ते हसून म्हणाले, “आपली कामापुरती.” काका मनाने प्रेमळ आहेत, जाताना त्याच्या हातात शंभराची नोट कोंबून गेले. ते गेल्यावर हा म्हणाला, “उच्चार छान आहेत त्यांचे. फक्त स्वाहिलीत त्यांनी कधी कुणाला काही विचारलेलं नाही.”

मला हसू आलं आणि मग आलं नाही. मी याला शिकवलेली गुजराती तपासली. आपजो, कहेजो, माफ करजो, मारी भूल थई. सगळे ‘जो’वाले आर्जवी प्रत्यय. काकांच्या स्वाहिलीत नुसता हुकूम, याच्या गुजरातीत नुसतं वाकणं. भांडायला, चिडवायला, टोला परतवायला लागतं ते वाक्य मी एकही दिलं नव्हतं. परक्याला आपण भाषा शिकवतो ती बहुधा इतकीच, आपल्याला त्रास होणार नाही इतपत.

आता कपाकडे येते. ते टाळून हे प्रकरण पुरं होत नाही.

पहिल्या दिवशी त्याने सासूबाईंपुढे वाकून ‘शिकामू’ म्हटलं होतं. स्वाहिलीत थोरांना असंच म्हणतात, मूळ अर्थ ‘पाय धरतो’. सासूबाई हरखल्या. “संस्कार आहेत हो पोराला,” म्हणाल्या. आणि स्वयंपाकघरात मागोमाग येऊन म्हणाल्या, “त्याला तो निळा दे.” निळा कप, कानाशी टवका उडालेला, फडताळाच्या खालच्या खणात एकटा. आमचे पांढरे, फुलांचे. मी चार महिने तो निळा कप भरून आणला. स्वतःला सांगत राहिले की तो आकाराने मोठा आहे, तरुण पोराला चहा जास्त लागतो. कप त्याच्यासाठी आणलेला नव्हताच, घरात आधीपासून होता. पूर्वी तो कुणासाठी काढला जाई, हे मराठी वाचकाला सांगायला नको. मलिक अंबर हबशी होता, गुलाम म्हणून विकला गेला होता, निजामशाहीचा कारभारी झाला, 1624 साली भातवडीला शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले, हे सगळं आम्हाला शाळेपासून तोंडपाठ. हबशी माणूस घरी चहाला आल्यावर हात गेला तो खालच्या खणाकडे.

एका संध्याकाळी पाहुणे होते, माझ्याकडून चुकून पांढरा कप उचलला गेला. सासूबाई झोपाळ्यावरून मोठ्याने म्हणाल्या, “अगं, आपल्यातला नको देऊस. त्याचा निळा आहे ना.” त्याच्या देखत, मराठीत. त्याच्यासमोर मराठी बोलताना आमच्या घरात कुणाला काही वाटत नसे. म्वांझाच्या शेठाणीला वाटत नसे तसंच.

त्याने चहा घेतला. पाहुणे गेल्यावर वही काढली आणि गुजरातीत विचारलं, “मॅडम, ‘आपणे’मध्ये ऐकणारा येतो ना?”

“येतो.”

“मराठीत ‘आपण’मध्येही?”

“हो.”

“बा आत्ता म्हणाल्या, ‘आपल्यातला’. मी ऐकत होतो. मग हे व्याकरणात कसं बसतं?”

मी म्हटलं, बसत नाही. रात्री भांडी आवरताना लक्षात आलं की बसतं. ऐकणारा कोण, हे बोलणाराच ठरवतो. समोर बसून ऐकू येण्याने कुणी ऐकणारा होत नाही.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या खरोखर वरमल्या. पण बोलल्या ते असं, “अगं बाई! मला काय ठाऊक, त्याला मराठी कळतं म्हणून.” दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना स्टीलच्या पेल्यांत चहा दिला. कप पुढे करायचं किंवा निळा टाकून द्यायचं धैर्य माझ्याकडे त्या दिवशी नव्हतं. पेला बोटांना चटके देत होता. तो फुंकर घालत म्हणाला, “आज आपण सगळे भाजतोय.” ‘आपण’ मराठीत म्हणाला, बरोबर वापरला.

पुढचे दोन महिने मी वेगळं शिकवलं. बॉनी नॉर्टन यांनी 1995 मध्ये कॅनडात स्थलांतरित झालेल्या पाच बायकांबद्दल लिहिताना ‘प्रेरणा’ हा शब्द बाजूला ठेवून ‘गुंतवणूक’ हा शब्द आणला. शिकायची इच्छा भरपूर असलेली बाईसुद्धा काही माणसांसमोर मुकी होते, कारण तिथे तिच्या बोलण्याला किंमत नसते. तेव्हा शिकणाऱ्याला किती हवंय एवढंच मोजून भागत नाही, त्याला बोलायचा हक्क कोण देतं तेही बघावं लागतं. मी त्याच्या वहीतले प्रसंग घेतले आणि एकेकाची उत्तरं बसवली. ‘मने गुजराती आवडे छे, गुजरातीमां ज बोलो.’ (मराठी माणूस इथे हमखास फसतो. आवडे छे म्हणजे येते.) ‘तुं नहि, तमे.’ आणि शेपटाला तो खास ‘हों’ लावून, ‘समज पडे छे हों, भाई!’ हे शेवटचं मी त्याच्याकडून पन्नासदा म्हणवून घेतलं. उच्चारांसाठी नव्हे, चेहऱ्यावर हसू ठेवून म्हणता यावं म्हणून.

शेव-उसळीच्या दुकानात ते चाललं. पुन्हा एकाने कुजबुज केली, याने ‘समज पडे छे हों’ टाकलं, तो माणूस पाणी पाणी झाला, मालकाने तरी वाढली. पण पुढच्या खेपेपासून मालक गिऱ्हाइकांना गोळा करायला लागला, “बोल ने, फरी बोल ने!” न दिसणारा होता, तो आता खेळ झाला. त्याने ते दुकान सोडलं. भाजीवालीकडे निराळं झालं. तिने एकदा त्याचं वाक्य पुरं ऐकून घेतलं, वर बघितलं, गुजरातीत भाव सांगितला, घासाघीस केली आणि चार मिरच्या फुकट टाकल्या. तेवढंच. तिथे तो शेवटपर्यंत जात राहिला.

खोलीचं मात्र भाषेने काहीच केलं नाही. ती मिळाली एका टांझानियन सीनियरच्या ओळखीने, शहराच्या टोकाला, एका अक्षराची गुजराती न बोलता.

पदवी घेऊन तो परत गेला. गेल्या महिन्यात त्याचा व्हॉइस मेसेज आला, गुजरातीत, आता ‘एक’चा ‘एकु’ होत नाही. आईसोबत त्या दुकानात गेला होता. शेठ आता म्हातारे झालेत. याने काउंटरपाशी उभं राहून ‘केम छो, शेठ’ म्हटलं. शेठ थबकले, म्हणाले, “तने गुजराती आवडे छे?” हा म्हणाला, “आवडे छे हों.” शेठाणी आतून आल्या, दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि कच्छीत बोलायला लागले.

मेसेजच्या शेवटी तो हसत विचारत होता, मॅडम, कच्छी शिकवता का?

मला कच्छी येत नाही.